बाड हिर्शनाउचे गोहोकर

रवींद्र गोहोकर आयुष्यात एकदाच जर्मनीत होता. चार तास वीस मिनिटं, फ्रँकफर्टच्या विमानतळावर, दोन विमानांच्या मधे. त्याने एक कॉफी घेतली, ती कडू लागली म्हणून अर्धी टाकून दिली आणि काचेपलीकडच्या पावसाकडे पाहत बसून राहिला. पुढे पाच वर्षं कोलंबसच्या मराठी मंडळात ज्याला जर्मनीचा जाणकार म्हणून मान मिळाला, त्या माणसाची जर्मनी एवढीच.

हे ऑगस्ट २००१चं. तो मूळचा वणीचा. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून ओहायोत, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनला आला तेव्हा चौतिसाचा होता. ज्या कामासाठी त्याला आणलं, ते काम तो पोचल्यावर पाच आठवड्यांत बंद पडलं. कंपनीने त्याला काढलं नाही, दुसरं काम मिळेपर्यंत बसवून ठेवलं. या धंद्यात त्याला बेंचवर असणं म्हणतात. एका अपार्टमेंटमध्ये असे चौघे बेंचवर होते. एक दिवसभर झोपायचा, एक दिवसभर बायकोशी फोनवर भांडायचा, एक दिवसभर भात शिजवायचा. रवींद्र सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा. तिथे ऊब होती आणि मराठी बोलणारं कोणी नव्हतं.

वाचनालयाच्या दाराशी एक ढकलगाडी असे. कोणालाच नको असलेली पुस्तकं तिच्यात टाकत, हवं त्याने फुकट न्यावं. तिथे त्याला एक पुस्तक मिळालं. हार्त्स नावाच्या डोंगररांगेतल्या बाड हिर्शनाउ या लहानशा जर्मन गावाची ती माहिती होती. गावातल्या स्नानगृहाच्या मुख्य डॉक्टरांनी लिहिलेली, परदेशी पाहुण्यांसाठी कोणीतरी अवघडलेल्या इंग्रजीत उतरवलेली, १९८३ साली छापलेली. मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा होता आणि खिशात घडीचा नकाशा. रवींद्रने पुस्तक उचललं ते नकाशासाठी. जो कुठेही जाऊ शकत नाही त्याला नकाशे आवडतात.

त्या हिवाळ्यात त्याने ते नऊ वेळा वाचलं.

गाव एका दरीत आहे. दरी इतकी अरुंद, की डिसेंबरात सूर्य दक्षिणेच्या कड्यामागून अकराला वर येतो आणि दोनला पुन्हा कड्यामागे जातो. मधून ग्रिमबाख नावाचा ओढा वाहतो. दोन्ही उतारांवर सूचिपर्णी झाडं आहेत, आणि ती रांगेत उभी आहेत, कारण ती लावलेली आहेत. मूळचं जंगल खाणींनी खाल्लं. सोळाव्या शतकात इथे चांदी निघाली. भुयारांना टेकू द्यायला आणि भट्ट्या पेटत्या ठेवायला दोनशे वर्षांत डोंगर बोडके झाले. पाणचक्क्या फिरवायला खाणकामगारांनी डोंगरांच्या कडेकडेने मैलोन्‌मैल चर खणले. आता त्या चरांच्या काठाने पाहुणे फिरायला जातात आणि त्याला निसर्ग म्हणतात.

१८२३ साली खोल खणताना एका भुयारात कोमट, खारट पाणी फुटलं. चौदा कामगार बुडाले. खाण बंद झाली, गाव उपाशी पडलं. तीस वर्षांनी एका डॉक्टरने तेच पाणी तपासलं आणि सांधेदुखीवर गुणकारी म्हणून जाहीर केलं. चौदा जणांना बुडवणारं पाणी काचेच्या पेल्यातून मिळू लागलं. मग आगगाडी आली. तीन घुमटांचं कुरहाउस आलं, म्हणजे स्नानगृह, दवाखाना आणि नाचघर एकाच छपराखाली. दर आठवड्याला पाहुण्यांची यादी हुद्द्यांसकट छापली जाऊ लागली. आणि बुडालेल्या चौदांच्या जागी एक दंतकथा आली. सरदाराच्या बाणाने जखमी झालेलं हरीण या झऱ्यात उतरलं आणि बरं होऊन पळालं. पाणी विकणाऱ्या प्रत्येक गावाकडे असं एक जनावर असतंच.

डॉक्टरांच्या पुस्तकात हरणाला एक प्रकरण आहे, चौदा कामगारांना एक तळटीप. १९३३ पासूनच्या बारा वर्षांना एक वाक्य: 'त्यानंतर गावाने कठीण काळ पाहिला.' तो कोणी कोणासाठी कठीण केला, पाहुण्यांच्या यादीतून कोणती आडनावं कोणत्या आठवड्यात गळाली, हे नाही. रवींद्रनेही विचारलं नाही. त्याला गाव आवडलं होतं. आवडलेल्या गावाला असे प्रश्न विचारायचे नसतात, हे त्याला वणीतच कळलं होतं. युद्धानंतर दोन जर्मनींची सीमा सहा किलोमीटरवर येऊन बसली आणि पलीकडची गिऱ्हाइकं तुटली. पण अलीकडच्या सरकारी विम्याने पेन्शनरांना चार-चार आठवडे उपचाराला धाडायला सुरुवात केली, आणि गाव पुन्हा गुबगुबीत झालं. पुस्तक तिथे संपतं. बाराशे खाटा, गुरुवारी बागेत पितळी वाद्यांचा बँड, १९८३.

फेब्रुवारीत त्याला एका विमा कंपनीत काम मिळालं. बायको हिमानी आणि चार वर्षांची आश्लेषा भारतातून आल्या. मग घर, गाडी, आणि मराठी मंडळ.

मंडळ म्हणजे भाड्याने घेतलेलं शाळेचं कॅफेटेरिया, त्यात संक्रांत, गणपती आणि दिवाळी. दिवाळीला अंक. अंकाची शंभर पानं, त्यातली चाळीस घरं विकणाऱ्यांच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या जाहिरातींची, उरलेल्या साठांतली निम्मी प्रवासवर्णनांची. सात दिवसांत सहा देश उरकून आलेला माणूस तिसऱ्या पानापर्यंत विमानातच असायचा, चौथ्यावर त्याला कुठेतरी वरण-भात मिळायचा आणि शेवटी 'ही माणसं किती शिस्तीची' असं म्हणून तो घरी यायचा. सगळे सगळ्यांचं वाचायचे, कारण पुढच्या वर्षी आपलं वाचलं जायला हवं होतं.

रवींद्रला परदेशी जाणं शक्य नव्हतं. त्याचे कागद तसे नव्हते. अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं तर परत येताना वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यावा लागे, आणि त्या वर्षांत तो शिक्का कधी मिळेल हे कोणी सांगत नसे. म्हणून २००२च्या अंकाला त्याने जे होतं ते दिलं, बाड हिर्शनाउचा भूगोल आणि इतिहास, साडेसहा पानं. अंकाची संपादक शुभा, बँकेत नोकरी करणारी, मराठीवर प्रेम करणारी. तिने फोन केला.

"रवींद्र, लेख छान आहे, पण इतका ड्राय का रे? 'गाव पाचशे ऐंशी मीटर उंचीवर आहे.' कोण वाचणार हे? तू कुठे आहेस यात?"

"मी नाहीच आहे त्यात."

"तेच म्हणतेय. अनुभव पाहिजे. जर्मनीला गेलायस ना तू?"

"येताना थांबलो होतो," रवींद्र म्हणाला.

"मग झालं की. मी एडिट करते, तू फक्त ओके म्हण."

'गाव पाचशे ऐंशी मीटर उंचीवर आहे' याचं 'पाचशे ऐंशी मीटर उंचीवरच्या त्या निवांत गावात मी उतरलो, तेव्हा धुकं नुकतंच विरत होतं' असं झालं. चौदा कामगार गेले. हरीण राहिलं. रवींद्रने ते दोनदा वाचलं. वाक्य खोटं होतं आणि चांगलं होतं. तो ओके म्हणाला.

अंक निघाला आणि माणसं त्याच्याशी बोलू लागली. तोवर तो मंडळात खुर्च्या मांडायला लागणारा एक माणूस होता. आता त्याच्या भोवती उभं राहून लोक ताटं रिकामी करायचे. फोटो का नाहीत असं कोणी विचारलं, तर तो म्हणायचा, "फोटो काढला की बघणं राहून जातं." हे वाक्य मंडळात दोन वर्षं फिरलं. हजारो फोटो काढणारे लोक ते मान हलवत एकमेकांना ऐकवायचे.

दरवर्षी एक लेख. २००३ला ओढा आणि लिंडनच्या झाडांचा रस्ता. २००४ला त्याला मंडळाच्या अध्यक्षांनी गाठलं. अध्यक्ष श्रीरामकाका, तीस वर्षं ओहायोत, निवृत्त इंजिनिअर.

"रवींद्र, अरे इतकं सुंदर गाव, तिथे संस्कृतचा एखादा पंडित असणारच! जर्मनांनी आपले वेद सांभाळले, नाहीतर आपण रद्दीत घालणार होतो. तू चौकशी नाही केलीस?"

"केली," रवींद्र म्हणाला. त्या क्षणी त्याने काही ठरवलं होतं असं नाही. समोरच्याचे डोळे इतके भुकेले होते, की नाही म्हणणं असभ्यपणाचं झालं असतं.

म्हणून त्या वर्षीच्या लेखात प्राध्यापक आल्ब्रेश्ट जन्मले. ग्रिमबाखच्या काठी त्यांचं लाकडी घर, दारावर देवनागरीत 'शान्तिः' अशी पाटी, सकाळी कुरहाउसचं पाणी पिण्याआधी ते गायत्री म्हणत. तो लेख श्रीरामकाकांनी शंभर जणांना मेल केला. ज्या लोकांना आपल्या शेजारच्या घरातल्या अमेरिकन माणसाचं आडनाव माहीत नव्हतं, त्यांना न झालेल्या एका जर्मनाच्या दारावरची पाटी पाठ झाली. जगाने आपली दखल घेतली आहे, एवढं ऐकायला ही माणसं कुठल्याही थापेला चहा पाजतील.

२००५च्या लेखात ब्रेमेनहून उपचाराला आलेली एक म्हातारी आली. पहिल्या आठवड्यात काठी टेकत, तिसऱ्या आठवड्यात काठी बागेतल्या बाकावर विसरून गेलेली. २००६च्या लेखात गावाचा हिवाळा आला.

घरी हे कोणी बोलत नसे. एकदा आश्लेषाने जेवताना विचारलं, "बाबा, व्हेन डिड यू गो देअर?"

"बिफोर यू केम."

"बट मॉम सेज यू वर ऑन द बेंच."

"गप जेव."

हिमानी हसली नाही. त्याच वर्षी त्यांचं ग्रीन कार्ड आलं तेव्हा ती म्हणाली, "रवी, आता तर शिक्क्याचं पण भ्या नाही. चल ना, भारतात जाताना दोन दिवस तुझ्या त्या गावाला जाऊ. मला पण पाहू दे."

त्याने तिकिटं लंडनवरून काढली. तीनशे डॉलर जास्त पडले. गाव आहे की नाही याची त्याला शंका नव्हती. गाव असण्याचीच भीती होती.

आणि मग सुवर्णामावशी आल्या.

मावशी म्हणजे सुशांतच्या आई. सुशांत सांगलीचा, रवींद्रच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, कायम कानात फोन अडकवलेला. मावशी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसल्या होत्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, अजून काठी नव्हती पण भिंत लागायची. डब्लिनमध्ये त्यांना करायला काही नव्हतं, म्हणून मंडळाचे जुने अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढले होते. आणि रवींद्रचे पाचही लेख त्यांनी पेन्सिलीने खुणा करून वाचले होते.

२००७च्या उन्हाळ्यात सुशांतला कंपनीच्या कामासाठी सप्टेंबरात दोन आठवडे हॅनोव्हरला जायचं ठरलं. मावशींनी नकाशा मागवला. हॅनोव्हर ते हार्त्स, दोन तास. "मला त्या हिर्शनाउला सोड," त्या म्हणाल्या. सुशांतला ते आवडलं. आईने इथे आल्यापासून त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याने रवींद्रला फोन केला, "यार, तू तर एक्सपर्ट. त्या बाथच्या टायमिंगचं जरा कन्फर्म करून दे ना."

रवींद्रने गावाच्या कचेरीला मेल लिहिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच. दोन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. विचारणेबद्दल आभार. सरकारी विम्याने उपचारांचे पैसे कापल्यानंतर १९९८ साली कुरहाउस बंद झाले, स्नानगृहे पाडण्यात आली. झऱ्याचे पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरले, नळ बंद आहे. राहण्यासाठी दोन खासगी पाहुणेघरे चालू आहेत.

ऑफिसात, आपल्या टेबलाशी बसून, त्याने ते वाचलं. स्नानगृहं पाडली हे वाचल्यावर त्याला आधी मावशींचे गुडघे आठवायला हवे होते. त्याला आधी आपले पाच लेख आठवले. मग श्रीरामकाका, मग शुभा, मग खुर्च्या मांडणं. गुडघे त्यानंतर आठवले. त्याने मेल छापून खिशात घातली आणि संध्याकाळी सुशांतकडे गेला. सांगायचं असं ठरवून गेला, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. तेवढंच.

मावशी स्टुलावर पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे. शेजारी एक लहान कुकर, नवा, खोक्यासकट.

"ये हिर्शनाउकर. हा नेऊ ना रे कुकर? तिथे खोलीत शेगडी असते का?"

"मावशी, मी काय म्हणतो, सप्टेंबरात तिथे फार गर्दी असते."

"तू तर लिहिलंयस सप्टेंबर निवांत."

"म्हणजे तसं निवांत. पण चढ आहे हो गावात."

"'कुरहाउसपर्यंत सपाट रस्ता, दुतर्फा लिंडनची झाडं.' दोन हजार तीनचा अंक, पान अठ्ठेचाळीस."

"पाणी उग्र आहे. सगळ्यांना सोसत नाही."

"मला एस.टी. कँटीनचा चहा एकतीस वर्षं सोसला."

सुशांत फोनवर हात ठेवून हसला. "आई, ही इज जस्ट वरीड. रवी, चिल यार. मीच ड्रॉप करतो, मीच पिकअप करतो. मधे दहा दिवस ती राणीसारखी."

तो फोन घेऊन आत गेला. मावशींनी पाय स्टुलावरून हातांनी उचलून खाली ठेवले, एक एक करून.

"मला एक सांग. इथले डॉक्टर म्हणतात ऑपरेशन. सांगलीतले पण म्हणाले होते. माझी बहीण त्यातच गेली, टेबलावर. मला नको ते. हा शेवटचा उपाय करून बघायचा, नाही लागू पडला तर मग पुढचं बघू. तू पाहिलीस ना ती बाई? ब्रेमेनची. काठी विसरून गेलेली."

खिशात कागद होता. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. एवढी सोपी वेळ देव माणसाला सहसा देत नाही.

"पाहिली," रवींद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद ऑफिसातल्या यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या केल्या. सुशांतला सांगितलं, "टायमिंग तिथेच विचारा. मेलला ते उत्तर देत नाहीत."

मावशी गेल्या. सुशांतने त्यांना पाहुणेघराच्या दारात सोडलं, बॅग आणि कुकर आत नेऊन ठेवला, कॉन्फरन्स कॉल चालू होता म्हणून गाडी वळवली आणि निघून गेला. दहा दिवसांनी त्याच दारातून उचललं. त्याने गाव पाहिलं नाही, पार्किंग पाहिलं. परत आल्यावर तो मंडळात सांगत होता, "सुपर पीसफुल. पार्किंगला तर काही प्रॉब्लेमच नाही." जिथे माणूसच नाही तिथे गाडी लावायला जागा असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

रवींद्रने ते दहा दिवस आणि पुढचे सात आठवडे लपून काढले. किराणा दुकानात सुशांतची गाडी दिसली की तो गाडीतच बसून राहायचा. फोन वाजला की हिमानीकडे बघायचा. हिमानीने एकदा विचारलं, "तू कोणाला घाबरतोयस?" तो म्हणाला, कामाचा ताण आहे. सातही आठवडे ना सुशांतचा फोन आला, ना मावशींचा. मावशी घराबाहेर पडत नाहीत, एवढं शुभाकडून कळलं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला न जाणं म्हणजे कबुली देणं, म्हणून तो गेला. मागच्या रांगेत बसला. लहान मुलांची गाणी झाली, एकाने तबला वाजवला, मग श्रीरामकाकांनी माइक घेतला.

"मंडळी, आपल्या अंकातून एक गाव आपल्याला भेटलं. आज त्या गावाहून परत आलेल्या सुवर्णाताई आपल्यात आहेत. मी त्यांना विनंती करतो, दोन शब्द."

मावशी उठल्या. आता हातात काठी होती, चार पायांची, ॲल्युमिनियमची. स्टेजच्या तीन पायऱ्या त्या आडव्या होऊन, कठड्याला धरून, एकेक चढल्या. दीडशे माणसांसमोर त्याला चांगला मिनिटभर लागला. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणीही पाहिलं नाही. टाळ्या वाजवत होते.

रवींद्रने बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"काय सांगू," मावशी म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, स्टँडवरचा. "रवींद्रने लिहिलंय तसंच आहे सगळं. तो लिंडनचा रस्ता, तो ओढा. गुरुवारी बागेत बँड. पाणी जरा खारट लागतं, पण लोक रांगेत उभं राहून पितात. फार शिस्त."

"आणि गुण?" कोणीतरी विचारलं.

"सावकाश येतो म्हणाले. दोन महिन्यांनी कळतं."

श्रीरामकाकांना राहवलं नाही. "आणि प्राध्यापक आल्ब्रेश्टांचं घर? पाहिलंत?"

"पाहिलं ना. आता ते नाहीत, पण घर आहे. दारावर पाटी आहे."

"शान्तिः!" श्रीरामकाका माइकमध्ये ओरडले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. काही जण मागे वळून रवींद्रकडे पाहत टाळ्या वाजवत होते. हिमानीही पाहत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

तो वाचला होता. सात आठवडे छातीवर बसलेलं ओझं एका वाक्यात उतरलं, आणि त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते आभार नव्हते. आनंद होता, निव्वळ, लाजिरवाणा, पोटातून येणारा. काठीकडे त्याचं लक्ष गेलं ते त्यानंतर.

जेवणाच्या रांगेत मावशी त्याच्या पुढे होत्या. सुशांत ताट भरून देतो म्हणत होता, त्यांनी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि मागे वळल्या.

"तुझ्यासाठी नाही बोलले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोराने कौतुकाने नेलं. पुन्हा नेईन म्हणतोय. त्याला काय सांगू, बंद दारापुढे बसवून आलास मला? आणि या लोकांना सांगितलं असतं तर हसले कोणाला असते? तुला नाही. मला. अंक वाचून जर्मनीला गेली म्हातारी."

रवींद्रने एक वाटी उचलून ताटात ठेवली.

"गेला नाहीस ना कधी?"

"जर्मनीत थांबलो होतो, मावशी."

गेलेल्या गाडीची वेळ विचारणाऱ्या उतारूकडे चौकशीच्या खिडकीतून पाहतात, तशा त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"दहा दिवस होते मी तिथे," त्या म्हणाल्या. "टीव्ही कळेना, कोणाशी बोलता येईना. काय करणार? सकाळी निघायचे, बाकाबाकावर बसत, गाव बघायचे. घरमालकीण म्हातारीच होती, ती यायची बरोबर. तिची भाषा मला येईना, माझी तिला. तरी तिने सगळं दाखवलं. कोण कुठे राहायचं, कोण गेलं, काय कुठे होतं. तू लिहिलं नाहीस असं पुष्कळ आहे रे तिथे." पुढे बोलल्या तेव्हा आवाजात चीडही नव्हती आणि टोमणाही नव्हता. पाहून आलेल्या माणसाला सांगावंसं वाटतं, तेवढंच होतं. "सांगू?"

त्या पुस्तकातल्या नकाशावर रवींद्रने सहा वर्षं बोट फिरवलं होतं. तळघरात, दिव्याखाली, बायको-मुलगी झोपल्या की. पुलावर उभं राहिलं तर ओढ्याचा आवाज येतो का, हे त्याला माहीत नव्हतं. घुमटांचा रंग माहीत नव्हता, पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी होती. कड्यामागे सूर्य गेल्यावर दरीत उजेड किती राहतो, माणसं दिवे लावतात की तशीच बसतात, हे त्याने कितीदा मनाशी लिहून खोडलं होतं. ओहायोतल्या अकरा लाख माणसांच्या त्या शहरात हे पाहिलेलं एकच माणूस होतं. ते काठी टेकून हातभर अंतरावर उभं होतं आणि विचारत होतं, सांगू? फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हणणं म्हणजे मी गेलो नव्हतो असं म्हणणं. निदान एका माणसाला. ज्या माणसाला ते आधीच माहीत होतं, त्या माणसाला.

मागून श्रीरामकाकांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "काय गुजगोष्टी चालल्यात दोन हिर्शनाउकरांच्या? आम्हालाही ऐकू द्या!"

रवींद्र हसला. पाच वर्षांत हे हसणं त्याच्या तोंडाला चांगलं बसलं होतं.

"मला माहीत आहे सगळं, मावशी," तो म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि श्रीखंड वाढणाऱ्या बाईंपुढे त्यांनी ताट धरलं.